एक डबा, सहा वाक्यं: कॉलेजच्या मित्रमैत्रिणींसोबत कोरियन बोलायला कशी सुरुवात करावी

कोरियन शिकायला घेतलेल्या बहुतेकांचं गाडं एकाच ठिकाणी अडतं. अक्षरं येतात, पुस्तकातले धडे पुढे सरकतात, ऐकलेलं थोडंफार कळतं, पण तोंड उघडायची वेळ आली की सगळं घशातच राहतं. माझं दीड वर्ष असंच गेलं. कॉलेजात कोरियन शिकणारे आम्ही पाच जण होतो, शिवाय कोरियाहून शिकायला आलेली एक सीनियर होती, तरी आपसात कोणी कोरियनचं एक वाक्य बोलत नव्हतं. बोलायला विषयच नव्हता. ‘माझं नाव अमुक, मी विद्यार्थिनी आहे’ हे एकमेकांना किती वेळा सांगणार?

एका दुपारी त्या सीनियरनं डब्यातून किंबाप, म्हणजे समुद्रशेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला भात, आणला आणि चित्र बदललं. हे काय आहे, तिखट आहे का, अजून एक घेऊ का, माझं पोट भरलं. ही वाक्यं त्या क्षणी खरोखर हवी होती, आणि हवी होती म्हणूनच ती तोंडात बसली. तेव्हापासून नव्यानं शिकणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: भाषेचा सराव आणि जेवण वेगळं ठेवू नका. आठवड्यातून एकदा एकत्र बसा, एक पदार्थ आणा, आणि त्या पदार्थापुरती वाक्यं त्याच बैठकीत वापरा. ते कसं जमवायचं, ते पुढे सविस्तर लिहिते आहे.

आधी अक्षरं, पण त्यात अडकून पडू नका

कोरियन लिपीला हांगुल म्हणतात. राजा सेजोंगच्या काळात ती १४४३ साली तयार झाली आणि १४४६ साली लोकांपुढे आली. दक्षिण कोरियात ९ ऑक्टोबरला तिच्या नावानं सुट्टी असते. मूळ अक्षरं आज २४ आहेत: १४ व्यंजनं आणि १० स्वर. जोडअक्षरं धरून ४० होतात. रोज अर्धा तास दिला तर दोन आठवड्यांत अडखळत का होईना वाचता येतं.

मराठी माणसाला ही लिपी पटकन का समजते, याला कारण आहे. आपण क-च-ट-त-प म्हणतो तेव्हा तोंडात आवाज कुठे तयार होतो त्या क्रमानं म्हणतो. हांगुलची व्यंजनं त्याच विचारातून आली आहेत, फक्त तिथे तोंडाचं चित्रच काढलं आहे. ‘क’चं अक्षर म्हणजे काटकोनात वाकलेली काठी: जिभेचं मूळ घशाशी उचललेलं. ‘न’ त्याच्या उलट वाकलेली: जिभेचं टोक वर टेकलेलं. ‘म’ म्हणजे चौकोन, मिटलेलं तोंड. ‘स’ म्हणजे दात आणि गोल वर्तुळ म्हणजे घसा. ‘क’मध्ये एक रेघ वाढवली की ‘ख’ होतो. हे एकदा डोळ्यांपुढे आलं की पाठांतर निम्म्यावर येतं.

अक्षरं एकापुढे एक लिहीत नाहीत, तर एका चौकटीत एक अक्षरगट बसवतात. वर किंवा डावीकडे व्यंजन, त्याला चिकटून स्वर, आणि असलाच तर खाली आणखी एक व्यंजन. या खालच्याला ‘पात्छिम’ म्हणतात, म्हणजे टेकू.

या लेखात मी कोरियन शब्द देवनागरीत लिहिले आहेत, ते फक्त उच्चाराचा अंदाज यावा म्हणून. हे शब्द हांगुलमध्ये शोधून वहीत स्वतःच्या हातानं लिहून काढणं हा तुमचा पहिला गृहपाठ. वही देवनागरीत ठेवलीत तर वर्षभरानंतरही तुम्ही देवनागरीच वाचत असाल. आणि माझ्या लिखाणात ‘ऑ’ दिसेल तिथे अ आणि ऑ यांच्या मधला आवाज काढा, ओठ गोल न करता.

तीन च, आणि गार न झालेलं सूप

उच्चारावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण नवशिक्यांचा सगळ्यात जास्त आत्मविश्वास इथेच गळतो.

कोरियनमध्ये क, त, प, च या प्रत्येकाची तीन रूपं आहेत: सैल, घट्ट आणि श्वासाचं. ‘ताल’ म्हणजे चंद्र, ‘त्ताल’ म्हणजे मुलगी, ‘थाल’ म्हणजे मुखवटा. श्वासाचं रूप आपल्याला येतंच. ख, थ, छ आपण दिवसभर म्हणतो. घट्ट रूप आपल्या साध्या क, त, प, च च्या बरंच जवळचं आहे, फक्त घसा किंचित आवळून म्हणायचं. अवघड जातं ते सैल रूप. ते शब्दाच्या सुरुवातीला क-त-प सारखं ऐकू येतं आणि दोन स्वरांच्या मध्ये आलं की ग-द-ब होतं. म्हणून एकच शब्द कुणी ‘गोचुजांग’ लिहितं, कुणी ‘कोचुजांग’, आणि दोघांचंही चूक नसतं. एक खूण सांगते: आजच्या सोलच्या बोलीत सैल अक्षरानं सुरू होणारा शब्द खालच्या पट्टीत सुरू होतो आणि श्वासाचा वरच्या पट्टीत. ही पट्टी कानानं पकडलीत की फरक आपोआप कळायला लागतो. आणि ‘च’ नेहमी चहातला, चमच्यातला नाही.

माझ्या बाबतीत झालेली गोष्ट. सीनियरनं सूप केलं होतं आणि चव विचारली. मीठ थोडं जास्त झालं होतं. खारट म्हणजे ‘च्चायो’. मी म्हणाले ‘छायो’, म्हणजे गार आहे. ती लगेच उठली, वाटी उचलली आणि सूप पुन्हा गरम करून आणलं. मला फार वाईट वाटलं, कारण तिनं माझ्या एका चुकीच्या अक्षरावर इतक्या मनापासून विश्वास ठेवला होता. त्या संध्याकाळी तिनं माझ्या तोंडापुढे पातळ कागद धरला. ‘छायो’ म्हटलं की कागद हलायला हवा, ‘च्चायो’ म्हटलं की हलता कामा नये. आणि ‘जायो’ म्हणजे झोपतो किंवा झोपते. तिन्ही म्हणून बघा, कागद समोर धरून, रोज दहा वेळा. याहून चांगला व्यायाम मला अजून सापडलेला नाही.

सहा वाक्यं

पहिल्या बैठकीला शंभर शब्द नकोत. एवढी सहा वाक्यं पुरतात.

‘मोन मॉंगनुन गॉ इस्सॉयो?’ तुम्ही खात नाही असं काही आहे का? हे सगळ्यात आधी, डबा भरण्याच्याही आधी विचारायचं.

‘चाल मॉक्केस्सुम्निदा.’ जेवायला सुरुवात करताना. शब्दशः ‘छान जेवणार आहे’. ज्यानं आणलं किंवा केलं त्याच्याकडे बघून म्हणा.

‘इगॉ म्वॉयेयो?’ हे काय आहे?

‘माशिस्सॉयो.’ चविष्ट आहे. यात ‘सि’ नाही तर ‘शि’ ऐकू येतो. कोरियनमध्ये स पुढे इ आली की तो श कडे झुकतो.

‘चोम तॉ जुसेयो.’ अजून थोडं द्या.

‘पेबुल्लॉयो.’ पोट भरलं.

उठताना ‘चाल मॉगॉस्सुम्निदा’ म्हणायचं, म्हणजे ‘छान जेवलो’ किंवा ‘छान जेवले’. आता गंमत बघा. ‘मॉक’ हा खाण्याचा एकच धातू या एका जेवणात तीन रूपांत आला. ‘मॉंगनुन’ म्हणजे खात असलेलं, ‘मॉक्केस्सुम्निदा’ म्हणजे खाणार, ‘मॉगॉस्सुम्निदा’ म्हणजे खाल्लं. व्याकरणाच्या पुस्तकात हे तीन वेगवेगळ्या धड्यांत येतं. शिवाय ‘मॉक’चा क पुढे न आला की नाकातला ङ होतो, हा नियमही इथेच समजतो. लिहिताना क, म्हणताना ‘मॉंग’. ‘काम्साहाम्निदा’ असा आभाराचा शब्द तुम्ही ऐकला असेल, त्यातही लिहिताना ‘हाप-निदा’ असतं आणि म्हणताना प चा म होतो. नियम तोच.

वाक्यरचनेची भीती तर बाळगूच नका. ‘चिंगुरांग पाबुल मॉगॉयो’ याचं एकेका शब्दाचं मराठी ‘मित्रासोबत जेवण जेवते’ असंच होतं. कर्म आधी, क्रियापद शेवटी, आणि विभक्तीसारखे प्रत्यय शब्दाला मागून चिकटलेले. शिवाय ‘मॉगॉयो’ म्हणजे खातो, खाते, खातात, खाता सगळंच. लिंग-वचनाप्रमाणे क्रियापद बदलत नाही. मराठी येणाऱ्याला कोरियन वाक्य उलटसुलट करावं लागत नाही, ही आपली मोठी सोय आहे आणि ती मनमोकळेपणानं वापरायला हवी.

कोणाला अहो-जाहो, कोणाला अरे-तुरे

वाक्याच्या शेवटी येणारा ‘यो’ हा आदराचा आहे. ‘मॉगॉ’ म्हणजे खा किंवा खातो, ‘मॉगॉयो’ त्याचंच अदबीचं रूप. यो नसलेल्या बोलीला ‘पानमाल’ म्हणतात, अदबीच्या बोलीला ‘जोन्देनमाल’. अरे-तुरे आणि अहो-जाहो आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, त्यामुळे कल्पना नवी नाही. रेघ कुठे ओढायची ते मात्र वेगळं आहे. आपण वर्गातल्या सगळ्यांना, एखादा वर्षानं मोठा असला तरी, तू म्हणून मोकळे होतो. कोरियनमध्ये एका वर्षाचाही फरक मोजला जातो, आणि ‘चिंगु’ हा मित्रवाचक शब्द एरवी बरोबरीच्या वयासाठीच वापरतात.

म्हणून ओळख झाली की कोरियन मुलं जन्मवर्ष विचारतात: ‘म्यॉन्न्यॉनसेंगियेयो?’ हे खाजगीत डोकावणं नाही, कोणत्या बोलीत बोलायचं ते ठरवणं आहे. वय सांगण्यापेक्षा जन्मवर्ष सांगा. २८ जून २०२३ पासून दक्षिण कोरियात कायद्यानं आंतरराष्ट्रीय पद्धतीचं वय लागू झालं आहे, पण बोलण्यात जुना हिशेब अजून अधूनमधून डोकावतो. जन्मवर्षात गोंधळ होत नाही.

कॉलेजात वरच्या वर्षाच्या मुलामुलींना ‘सॉनबे’ म्हणावं. आणखी अदब हवी तर ‘सॉनबेनिम’. ऑन्नी, ओप्पा, नुना, ह्यॉंग हे शब्द तुम्ही ऐकले असतील. मुलगी मोठ्या मुलीला ऑन्नी आणि मोठ्या मुलाला ओप्पा म्हणते. मुलगा मोठ्या मुलीला नुना आणि मोठ्या मुलाला ह्यॉंग म्हणतो. ओळख मुरल्याशिवाय हे वापरू नका, विशेषतः ओप्पा. आणि ‘तुम्ही’ला शब्द शोधत बसू नका. कोरियन माणूस समोरच्याला सर्वनामानं हाक मारणं टाळतो. नाव, सॉनबे किंवा काहीच नाही. वाक्यात ‘तुम्ही’ नसला तरी चालतं.

समोरच्यानं ‘माल नोथा’, म्हणजे बोलणं सैल करू या, असं सुचवलं की यो सोडा. आपणहून आधी सोडू नका. आमच्या सीनियरनं ते चौथ्या बैठकीला सुचवलं, आणि त्या दिवशी मला वाटलं की आता आपण खरंच ओळखीचे झालो.

पहिला डबा: किंबाप

पहिल्या बैठकीसाठी माझी शिफारस किंबापचीच आहे. तो गार खाल्ला तरी चालतो, हातानं खाता येतो, भाज्यांचाच करता येतो आणि कापताना अंक शिकवता येतात. ‘किम’ म्हणजे समुद्रशेवाळाचा कागदासारखा पापुद्रा, ‘पाप’ म्हणजे शिजवलेला भात.

दोन कप आखूड दाण्याचा, चिकट होणारा तांदूळ घ्या. यातून चार-पाच गुंडाळ्या होतात. लांब दाण्याचा सुटा भात इथे चालत नाही, गुंडाळी सुटते. तांदूळ पाणी जवळजवळ नितळ होईपर्यंत धुवा, अर्धा तास भिजवा आणि नेहमीपेक्षा थोडं कमी पाणी घालून शिजवा. भात गरम असतानाच एक लहान चमचा मीठ आणि एक मोठा चमचा तिळाचं तेल घालून हलक्या हातानं कालवा. जपानी सुशीच्या भातात व्हिनेगर असतं, किंबापच्या भातात तीळतेल; दोन्ही एकच समजून व्हिनेगर घालू नका.

सारण म्हणजे लांब, बोटासारख्या पट्ट्या. गाजर बारीक उभं चिरून दोन मिनिटं परतलेलं. पालक उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून, गार पाण्यातून काढून घट्ट पिळलेला, वर मीठ आणि तीळतेल. काकडीला मीठ लावून दहा मिनिटांनी पिळून घेतलेली. पिवळा मुरवलेला मुळा, त्याला ‘तानमुजी’ म्हणतात. हा आंबटगोड कुरकुरीतपणा नसेल तर किंबाप सपक लागतो. अंडं खाणाऱ्यांसाठी पातळ ऑम्लेटच्या पट्ट्या, न खाणाऱ्यांसाठी सोया सॉसमध्ये परतलेल्या तोफूच्या. सगळ्यात महत्त्वाचं पिळणं. सारणात पाणी राहिलं की किम भिजून फाटतो.

आता गुंडाळताना. किमच्या पापुद्र्याची चकचकीत बाजू खाली, खरखरीत वर. भात कोमट होऊ द्या. वाफाळता भात पसरला की किम आकसतो. बोटांना थोडं पाणी लावून भात इतका पातळ पसरा की खालचा काळा रंग मधूनमधून दिसेल. लांबच्या टोकाला दोन बोटं जागा मोकळी सोडा. सारण आपल्याकडच्या बाजूला रचा. मग दोन्ही अंगठ्यांनी किमच्या पापुद्र्याची कड उचला, बाकीच्या बोटांनी सारण आत दाबून धरा, आणि ती कड एका झटक्यात सारणापलीकडे नेऊन टेकवा. इथे क्षणभर थांबून आपल्याकडे ओढून घट्ट करा. उरलेलं नुसतं लोटत न्यायचं. जोड खाली करून तीन मिनिटं ठेवा म्हणजे भाताच्या ओलाव्यानं किम चिकटतो. वरून तीळतेलाचं बोट फिरवा.

कापताना सुरीला तेल लावा आणि दर दोन कापांनंतर ती पुसा. इथेच अंक शिकायचे. एका गुंडाळीचे साधारण दहा काप होतात, आणि कापणाऱ्यानं मोठ्यानं मोजायचं: हाना, तुल, सेत, नेत, तासॉत, यॉसॉत, इल्गोप, यॉदॉल, आहोप, यॉल. पाच जणांनी पाच गुंडाळ्या कापल्या की हे दहाही अंक पाच-पाच वेळा कानावर पडतात. हे मूळ कोरियन अंक. चिनीतून आलेले अंक वेगळे: इल, इ, साम, सा, ओ, युक, छिल, फाल, कु, शिप. गुंडाळी मोजताना ‘हान जुल’, एक ओळ; भाताची वाटी ‘हान कोंगी’; पाण्याचा पेला ‘हान जान’. मोजमापाच्या शब्दापुढे हाना चा हान होतो, तुल चा तु, सेत चा से, नेत चा ने. हॉटेलात एका माणसापुरतं मागताना मात्र ‘इल-इनबुन’, तिथे चिनी अंक येतो. कोणती वस्तू कोणत्या अंकाशी जाते हे यादीतून पाठ होत नाही. वाढताना म्हणत गेलं की बसतं.

किंबाप त्याच दिवशी संपवा. फ्रिजमध्ये भात कडक होतो, बाहेर ठेवला तर खराब होतो. फ्रिजमधले काप उरलेच तर दुसऱ्या दिवशी फेटलेल्या अंड्यात बुडवून तव्यावर भाजा. कोरियातही असंच करतात.

पाकीट वाचणं हाही सरावच आहे

खाणं वाटून घ्यायचं तर कोण काय खात नाही ते आधी नीट समजून घ्यायला हवं. यात घाई करू नका. भाजीचा म्हणून आणलेला कोरियन पदार्थ तसा नसण्याची शक्यता बरीच असते. बहुतेक किमचीत, म्हणजे मसाला लावून आंबवलेल्या भाजीत, ‘जॉतगाल’ असतं, म्हणजे मीठ घालून मुरवलेली कोळंबी किंवा मासळी. तॉकबोक्की म्हणजे तिखट रश्शातल्या तांदळाच्या कांड्या; त्यातल्या चपट्या पट्ट्या, ‘ऑमुक’, माशाच्या असतात आणि रस्सा सुकवलेल्या मासळीचा. झटपट नूडल्सच्या मसाल्यात अनेकदा गोमांसाचा अर्क असतो. गोचुजांग या तिखट लगद्यात गहू असू शकतो. शंका असली तर मित्राला ‘बहुतेक चालेल’ असं कधीही सांगू नका, पाकीट वाचा.

आठ-नऊ शब्द ओळखता आले तरी काम होतं. सोगोगी गोमांस, त्वेजिगोगी डुकराचं मांस, म्यॉल्छी लहान मासळी, सेउ कोळंबी, केरान अंडं, उयु दूध, मिल गहू, तेदु सोयाबीन, त्तांगखोंग शेंगदाणे. कोरियन पाकिटावर घटकांच्या यादीजवळ ॲलर्जीचे पदार्थ वेगळे दिलेले असतात आणि शेवटी ‘हाम्यु’ असा शब्द येतो, म्हणजे ‘यात आहे’. तारीख वर्ष, महिना, दिवस अशा क्रमानं असते आणि पुढे ‘क्काजी’, म्हणजे ‘पर्यंत’. २०२३ पासून कोरियात ‘सोबिगिहान’, म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत खावं ते, छापायला सुरुवात झाली. त्याआधी ‘युथोंगगिहान’ असायची, म्हणजे कधीपर्यंत विकावं ती. आम्ही दर बैठकीला एक रिकामं पाकीट टेबलावर ठेवतो आणि नवा आलेला सदस्य ते मोठ्यानं वाचतो. वाचनाचा धडा म्हणून मला हे कोणत्याही उताऱ्यापेक्षा आवडतं, कारण इथे चुकलं तर कोणाच्या तरी पोटाचा प्रश्न असतो.

मांस-मासळी न खाणाऱ्यांनी ‘साछाल उमशिक’ हा शब्द लक्षात ठेवावा. हे बौद्ध मठांतलं जेवण. त्यात मांस नाही, मासळी नाही, आणि लसूण, पातीचा कांदा यांसारख्या पाच उग्र वस्तूही नाहीत. त्या पाचांत एक हिंगाच्या जातीची आहे. या पद्धतीची किमची जॉतगाल आणि लसणाशिवाय होते.

तिखट आणि आंबलेलं

तॉकबोक्की दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला करा, कारण ती समोर गरम करूनच खायची असते. तांदळाच्या पिठाच्या कांड्या थंड झाल्या की टणक होतात. चारशे ग्रॅम कांड्या, अडीच कप रस्सा, दोन मोठे चमचे गोचुजांग, एक चमचा मिरचीपूड म्हणजे गोचुगारू, एक सोया सॉस, एक साखर. रस्सा दाट होईपर्यंत बारा-पंधरा मिनिटं, तळाला लागू न देता. शाकाहारी रस्सा हवा तर ‘तासिमा’ हे जाड समुद्रशेवाळ आणि सुकवलेले मशरूम पाण्यात उकळा. कुणाला तिखट सोसत नसेल तर सोया सॉसची ‘कुंगजुंग तॉकबोक्की’ करा. ती जोसॉन राजघराण्याच्या काळातल्या दरबारी पदार्थावरून आली आहे. लाल, झणझणीत प्रकार १९५० च्या दशकात सोलच्या शिनदांग-दोंग भागात सुरू झाला असं सांगतात. ‘मेवॉयो?’ तिखट आहे का? ‘आन मेवॉयो,’ नाही. ही प्रश्नोत्तरं घडायला तॉकबोक्कीसारखा पदार्थ नाही.

किमची आणायची तर बरणी पाऊण भरा. किमची आंबताना वायू सुटतो; काठोकाठ भरलेल्या बरणीतून आंबट लाल पाणी माझ्या दप्तरात सांडलं आणि दोन वह्या गेल्या. पिशवीत बरणी, पिशवीखाली ताटली, आणि झाकण खिडकीपाशी उघडा. कोबीची किमची एकत्र बसून घालण्याच्या प्रथेला ‘किमजांग’ म्हणतात. २०१३ साली युनेस्कोनं तिची नोंद घेतली तेव्हा नावातच किमची ‘करणं आणि वाटणं’ असं म्हटलं आहे. कोरियनमध्ये ‘नानुवॉ मॉक्ता’, वाटून खाणं, हे रोजच्या बोलण्यातलं क्रियापद आहे. आणि घरच्या माणसांना ‘शिक्कु’ म्हणतात; त्या शब्दाचा मूळ अर्थ एकत्र खाणारी तोंडं.

बैठक कशी चालवायची

चार ते सहा जण. सहाच्या वर गेलं की दोन गट पडतात आणि मराठी सुरू होते. पहिली वीस मिनिटं फक्त कोरियन. शब्द अडला तर बोट दाखवा, पण वाक्य कोरियनच संपवा. नंतर मोकळं बोला. मी पूर्ण दीड तास कोरियनचा आग्रह धरून पाहिला. तिसऱ्या आठवड्याला दोघंच आले. वीस मिनिटं खरी झाली तरी पुष्कळ आहे.

दर वेळी एकाच्या हाती वाढण्याचं काम द्या. ज्याला कोरियन सगळ्यात कमी येतं त्याच्या हाती द्या, कारण वाढणाऱ्याला सगळ्यात जास्त बोलावं लागतं. चूक दुरुस्त करायची ती त्याच वाक्यात, बरोबर रूप परत म्हणून. ‘चुकलं’ असं म्हणायचं नाही. त्यानं ‘मॉगॉ’ म्हटलं, तर तुम्ही ‘हो, मॉगॉयो’ म्हणा आणि पुढे चला.

कोरियन मित्र किंवा मैत्रीण असेल तर एक गोष्ट जपा: ते तुमचे फुकटचे शिक्षक नाहीत. अर्धा वेळ कोरियन, अर्धा वेळ त्यांना जी भाषा शिकायची आहे ती. प्रत्येक कोरियन माणसाला स्वयंपाक येतोच असं नाही, प्रत्येकाला किमची आवडते असंही नाही. ‘तुमच्याकडे असंच करतात ना?’ असं विचारण्यापेक्षा ‘तुझ्या घरी कसं करतात?’ असं विचारा. उत्तर तीन पट लांब मिळतं, आणि तोच तुमचा ऐकण्याचा सराव.

रीतीभाती थोड्याच. वयानं मोठा असेल त्यानं चमचा उचलल्यावर सुरुवात करा. भात आणि रस्सा चमच्यानं, बाकी काड्यांनी. भाताची वाटी हातात उचलून तोंडाशी नेत नाहीत. मोठ्यांकडून काही घेताना दोन्ही हातांनी घ्या. काड्या भातात उभ्या खोचू नका, ते मृतांच्या पूजेत ठेवलेल्या भातासारखं दिसतं.

परीक्षेचं काय, असं बरेच जण विचारतात. टोपिक ही कोरियनची परीक्षा. पहिल्या भागात दोन पातळ्या, दुसऱ्यात तिसरीपासून सहावीपर्यंत. पहिल्या भागात फक्त ऐकणं आणि वाचणं असतं, एकूण २०० गुण. ८० मिळाले तर पहिली पातळी, १४० मिळाले तर दुसरी. निकाल दोन वर्षं ग्राह्य धरतात. या दोन्ही भागांत बोलणं नाही, म्हणून नुसता टोपिकचा अभ्यास करणाऱ्यानं टेबलावरची बैठक सोडू नये. क्लास नसेल तर सेजोंग हाकदांग या सरकारी संस्थेचे ऑनलाइन वर्ग बघा.

आणि जेवण झाल्यावर लगेच उठून जाऊ नका. भांडी घासायला ‘सॉल्गॉजी’ म्हणतात, आणि आमच्या गटात सगळ्यात मोकळं कोरियन तिथेच बोललं गेलं. पाण्याच्या आवाजात कोणी व्याकरण ऐकत नाही, समोर कोणी बघत नाही, हात कामात असतात. घरच्या गोष्टी, गावच्या आठवणी, परीक्षेची भीती तिथेच निघाली. ज्यानं आणलं त्याला घासू द्यायचं नाही, हा आमचा नियम. ताटल्या गोळा करा, सिंककडे जा, आणि सॉनबे ‘राहू दे’ म्हणायच्या आत म्हणा: ‘चेगा हाल्केयो.’ मी करते.